विद्यापीठाचा निकाल नीट कसा वाचायचा: आसन क्रमांकापासून पुनर्मूल्यांकनापर्यंत

निकालाच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या परीक्षा विभागाची खिडकी साडेदहाला उघडते आणि त्याआधी तासभर बाहेर रांग लागलेली असते. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी बरीच वर्षं बसलो. रांगेतल्या निम्म्या मुलांना निकाल कळलेलाच नसायचा. कुणी ‘आर. आर.’ (निकाल राखीव) ही अक्षरं बघून रात्रभर रडलेलं असे, कुणी सीजीपीएला दहाने गुणून घरी टक्के सांगून मोकळं झालेलं असे. आणि कुणी, खरोखर तक्रार करण्याजोगी चूक असूनही, ‘मार्कशीट हातात आली की बघू’ म्हणत तीन आठवडे गप्प बसलेलं असे. तोवर मुदत संपलेली.

हा तिसरा प्रकार मला फार लागायचा, कारण तिथे मुलाची बाजू खरी असूनही आमच्या हातात काही उरत नसे. म्हणून आधीच सांगतो: छायाप्रत, गुणपडताळणी, पुनर्मूल्यांकन यांची मुदत साधारणपणे निकाल ऑनलाइन जाहीर झाल्याच्या तारखेपासून मोजतात. छापील गुणपत्रिका कॉलेजात कधी येते, याची वाट ती बघत नाही. निकाल लागल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात मोलाचे असतात. ते कसे वापरायचे, हे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या पद्धतीला धरून टप्प्याटप्प्याने सांगतो.

आधी हे ठरवा: तुमचा निकाल लावतं कोण?

प्रश्न साधा वाटतो, पण चुकीच्या दारात उभं राहून दिवस घालवणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. कॉलेज स्वायत्त असेल तर परीक्षा, तपासणी आणि निकाल सगळं कॉलेजचं. पदवी तेवढी विद्यापीठाची. अशा ठिकाणी विद्यापीठाच्या साइटवर तुमचा निकाल शोधण्यात अर्थ नाही. कॉलेज संलग्न असेल तर परीक्षा विद्यापीठाची, पण तिथेही एक मेख आहे. मुंबई विद्यापीठात बीए, बीकॉम, बीएससीच्या सुरुवातीच्या सत्रांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने कॉलेजच घेतं. म्हणजे पेपर कॉलेजात तपासले जातात, निकालही कॉलेजच लावतं आणि फेरतपासणीचा अर्जही तिथेच करायचा असतो. शेवटच्या वर्षाचे पेपर मात्र विद्यापीठाकडे जातात.

त्यामुळे परीक्षेचा फॉर्म भरतानाच ऑफिसात एक प्रश्न विचारून ठेवा: ‘या सेमिस्टरचा निकाल कोण जाहीर करणार आणि कुठल्या पोर्टलवर?’ उत्तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

शेवटचा पेपर ते निकाल: मधल्या काळात काय होतं

शेवटचा पेपर संपला की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सील होतात आणि मूल्यांकन केंद्रावर जातात. याला सगळे ‘कॅप सेंटर’ म्हणतात, म्हणजे सेंट्रल असेसमेंट प्रोग्रॅम. (प्रवेशाच्या फेऱ्यांनाही आपल्याकडे ‘कॅप’च म्हणतात. ‘कॅपला उशीर झाला’ असं कुणी म्हटलं तर कुठली कॅप, ते विचारून घ्या.) तिथे तुमचा आसन क्रमांक झाकला जातो. एकतर पानाची कड चिकटवून मास्किंग करतात, नाहीतर आसन क्रमांकाच्या जागी फक्त बारकोड दिसतो. ऑनस्क्रीन पद्धतीत पानं स्कॅन होतात आणि परीक्षक संगणकावर तपासतो. त्यानंतर काही उत्तरपत्रिका मॉडरेटरकडे दुसऱ्या नजरेखालून जातात.

इकडे कॉलेजकडून तुमचे अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकाचे गुण, टर्मवर्कचे गुण वेगळ्या वाटेने विद्यापीठात पोचलेले असतात. बारकोड उलगडून लेखी गुण आसन क्रमांकाला जोडतात, मग त्यात हे दुसरे गुण मिसळतात, मग ग्रेसचे, म्हणजे थोडक्यात हुकलेल्याला वाढीव गुण देण्याचे नियम लावतात, मग लेजर, म्हणजे सगळ्यांच्या गुणांची नोंदवही तपासतात आणि निकाल जाहीर होतो. या जोडकामात एक दुवा जरी निसटला तरी तुमच्या नावापुढे ‘गैरहजर’, ‘राखीव’ किंवा रिकामी जागा येते. निकालातल्या बऱ्याच धक्क्यांचं मूळ पेपर तपासणाऱ्यात नसतं, या जोडकामात असतं.

याला किती दिवस लागावेत, हे कायद्यात लिहिलेलं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, कलम ८९: शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत लावायचा. नाही जमलं तर विद्यापीठाने उशिराची कारणं देणारा सविस्तर अहवाल कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना, द्यायचा. हे दिवस शेवटच्या पेपरच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या शेवटच्या पेपरपासून नव्हे. त्या अभ्यासक्रमाचा जो सर्वांत शेवटचा पेपर असेल त्याच्यापासून. म्हणून वेळापत्रक जपून ठेवा.

हा नियम मोडला की काय होतं, हे मुंबईकरांनी २०१७ मध्ये पाहिलं. त्या उन्हाळी परीक्षेपासून मुंबई विद्यापीठाने सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका एकदम ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या, आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढच्या प्रवेशांच्या तारखा मुलांच्या डोळ्यांदेखत निघून गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं.

निकालाच्या दिवशी

तयारी आदल्या आठवड्यातच करा. हॉल तिकिटाचा फोटो मोबाइलमध्ये हवा, कारण आसन क्रमांक दर परीक्षेला बदलतो. पीआरएन, म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक, मात्र प्रवेशापासून पदवीपर्यंत तोच राहतो. काही पोर्टलवर आईचं नावही टाकावं लागतं, आणि ते प्रवेशअर्जात जसं लिहिलंय तसंच टाकावं लागतं. अर्जात ‘सुनिता’ असेल आणि तुम्ही ‘सुनीता’ टाइप केलंत, तर निकाल सापडत नाही म्हणून घाबरायला होतं.

पहिल्या तासात साइट उघडत नाही, हे दरवर्षीचं आहे. पुन्हापुन्हा बटण दाबत बसू नका. रात्री उशिरा किंवा पहाटे तीच साइट पटकन उघडते. मित्राने त्याच्या मोबाइलवर काढून पाठवलेला स्क्रीनशॉट हा शेवटचा शब्द मानू नका. स्वतः आसन क्रमांक टाकून निकाल उघडा, पीडीएफ उतरवून घ्या आणि निकाल जाहीर झाल्याची तारीख कागदावर लिहा. तीच तारीख पुढे सगळीकडे लागणार आहे.

एकेक रकाना

आता शांत बसा आणि वरून खाली वाचा. सगळ्यात आधी नाव, आईचं नाव, पीआरएन, विषयांची यादी. हो, विषयांची यादी. न घेतलेला ऐच्छिक विषय निकालात दिसणं आणि घेतलेला गायब असणं, हे घडतं. फॉर्म भरताना चुकीचा विषय-कोड गेला की असं होतं, आणि तो विषय ‘गैरहजर’ येतो.

मग गुण बघा. एका विषयाचे दोन-तीन तुकडे असतात: बाह्य लेखी, अंतर्गत, प्रात्यक्षिक. जिथे प्रत्येक तुकड्यात स्वतंत्र पास व्हावं लागतं, तिथे एकूण बेरीज फसवते. समजा ७५ गुणांचा लेखी पेपर आणि २५ गुणांचं अंतर्गत मूल्यमापन आहे, आणि दोन्हींत ४० टक्के हवेत. म्हणजे लेखीत ३० आणि अंतर्गतमध्ये १०. एखाद्याला लेखीत २९ आणि अंतर्गतमध्ये २० पडले तर बेरीज ४९ होते, तरीही (ग्रेस मिळाली नाही तर) विषय गेला. ‘मला ४९ आणि नापास, त्याला ४१ आणि पास, हे कसं?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. तुमच्या अभ्यासक्रमात स्वतंत्र पासिंग आहे की एकत्रित, हे अभ्यासक्रमाच्या नियमावलीत दिलेलं असतं.

त्यानंतर श्रेणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पद्धतीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५, ‘पी’ला ४ श्रेणीगुण मिळतात, ‘एफ’ आणि ‘एबी’ला शून्य. ‘एफ’ म्हणजे अनुत्तीर्ण, ‘एबी’ म्हणजे गैरहजर. मात्र किती गुणांना कोणतं अक्षर, हे विद्यापीठ आणि पॅटर्न, म्हणजे त्या वर्षी लागू असलेली परीक्षापद्धती, ठरवतं. मुंबईच्या आधीच्या पॅटर्नमध्ये ८० ला ‘ओ’ मिळायचा. त्यामुळे मोठ्या भावाच्या गुणपत्रिकेशी तुलना करताना आधी दोघांचा पॅटर्न एक आहे का, ते बघा. श्रेणीचा तक्ता बहुतेक वेळा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेला असतो, आणि ती बाजू कुणी उलटून बघत नाही.

आता एसजीपीए, म्हणजे एका सत्राच्या श्रेणीगुणांची क्रेडिटनुसार काढलेली सरासरी. एक उदाहरण हाताने करून बघू, कारण एकदा स्वतः केलं की कायमचं कळतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात; क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. समजा एका मुलीच्या पहिल्या सत्रात २२ क्रेडिट आहेत:

मेजरचा पहिला पेपर ४ क्रेडिट, श्रेणी ‘ए’: ४ × ८ = ३२
मेजरचा दुसरा पेपर २ क्रेडिट, ‘बी प्लस’: २ × ७ = १४
ओपन इलेक्टिव्ह ४ क्रेडिट, ‘ए प्लस’: ४ × ९ = ३६
व्होकेशनल स्किल २ क्रेडिट, ‘ओ’: २ × १० = २०
स्किल एन्हान्समेंट २ क्रेडिट, ‘ए’: २ × ८ = १६
भाषा २ क्रेडिट, ‘बी’: २ × ६ = १२
मूल्यशिक्षण २ क्रेडिट, ‘ए प्लस’: २ × ९ = १८
भारतीय ज्ञान प्रणाली २ क्रेडिट, ‘सी’: २ × ५ = १०
को-करिक्युलर २ क्रेडिट, ‘ओ’: २ × १० = २०

बेरीज १७८. तिला २२ ने भागलं की ८.०९. हा तिचा एसजीपीए. चार क्रेडिटच्या पेपरातली एक श्रेणी दोन क्रेडिटच्या पेपरापेक्षा दुप्पट वजनाची असते, हे यातून दिसतं. अभ्यासाचा वेळ वाटतानाही हे ध्यानात ठेवावं.

सीजीपीए म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांचा मिळून. इथे सत्रांची साधी सरासरी काढू नका. दुसऱ्या सत्रात तिला २० क्रेडिट आणि ७.४० एसजीपीए असेल तर त्या सत्राचे १४८ होतात. १७८ अधिक १४८ म्हणजे ३२६, भागिले ४२, उत्तर ७.७६. साधी सरासरी ७.७५ येते. फरक छोटा दिसतो, पण एखाद्या अर्जात ७.७६ ऐवजी ७.७५ लिहिलं की पडताळणीत प्रश्न विचारला जातो. एखादा विषय राहिला असेल तर बरीच विद्यापीठं त्या सत्राच्या एसजीपीएच्या जागी आडवी रेघ ठेवतात. तो विषय सुटला की आकडा येतो.

टक्के कसे काढायचे, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. सीबीएसईच्या दहावीत एकेकाळी ९.५ ने गुणायचे, तो हिशेब लोकांच्या डोक्यात बसला आहे आणि तो पदवीला लावतात. लावू नका. कुणी दहाने गुणतात, तेही सगळीकडे चालत नाही. प्रत्येक विद्यापीठाचं आणि कधीकधी प्रत्येक शाखेचं रूपांतराचं सूत्र वेगळं असतं. ते परिपत्रकात किंवा गुणपत्रिकेवर असतं. नोकरीच्या अर्जात टक्के मागितले तर ते सूत्र वापरा आणि त्या परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा. कॉलेज तसं पत्रही देतं.

चिन्हं, आणि ग्रेसचं कोडं

मुंबई विद्यापीठाच्या गॅझेटच्या, म्हणजे निकालाच्या एकत्र यादीच्या, तळाशी बारीक अक्षरांत चिन्हांची सूची असते. ‘@’ म्हणजे अध्यादेश (विद्यापीठाचा नियम) ५०४२ खाली ग्रेस गुण मिळाले. ‘*’ म्हणजे ५०४५ खाली कमतरता माफ केली, ज्याला कंडोनेशन म्हणतात. ‘#’ म्हणजे अध्यादेश २२९: एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक सहभाग यांचे गुण, जास्तीत जास्त १०. ‘आर. आर.’ म्हणजे निकाल राखून ठेवला. ‘आर. पी. व्ही.’ म्हणजे तात्पुरता. ‘ए. डी. सी.’ म्हणजे प्रवेश रद्द. दुसऱ्या विद्यापीठांत चिन्हं वेगळी असतील, पण अशी सूची प्रत्येक लेजरवर असतेच.

‘राखीव’ हा शब्द वाचून खचू नका. मी पाहिलेल्या राखीव निकालांची कारणं बहुतेक वेळा कागदाची होती: आधीच्या वर्षाचा विषय सुटलेला नाही, पात्रता प्रमाणपत्र दिलेलं नाही, दुसऱ्या बोर्डातून आलेल्या मुलाचं स्थलांतर प्रमाणपत्र राहिलं, कॉलेजने अंतर्गत गुण भरले नाहीत. कागद पोचला की निकाल सुटतो. गैरप्रकाराच्या चौकशीमुळेही निकाल राखला जातो, पण तसं असेल तर त्याची नोटीस वेगळी येते.

आता ग्रेस. ‘तिला ३८ ला पास केलं, मला ३८ ला नापास’, या वाक्याने मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. मुंबईत नियम असा आहे: १०० गुणांपर्यंतच्या विषयात ३ गुणांपर्यंत, ५० पर्यंतच्या विषयात २ गुणांपर्यंत ग्रेस मिळू शकते, आणि सगळे मिळून त्या परीक्षेच्या एकूण गुणांच्या १ टक्क्याच्या आत. पण ती ग्रेस लावून अख्खी परीक्षा पास होत असेल तरच ती देतात. मैत्रिणीचा तेवढा एकच विषय दोन गुणांनी अडला होता, म्हणून तिला दोन मिळाले. तुमचा ३८ चा विषय होता आणि शिवाय दुसऱ्या एका विषयात २२ होते. दोन गुण देऊनही तुम्ही पास होत नव्हतात, म्हणून ३८ चे ३८ राहिले. पुढच्या वेळी २२ चा विषय सोडवताना हा ३८ चाही द्यावा लागतो, आणि मुलांना ते फार जाचक वाटतं. मलाही वाटायचं. पण नियम असा आहे, पेपर तपासणाऱ्याचा यात काही दोष नाही.

कंडोनेशन याहून थोडं उदार आहे. फक्त एकाच विषयात अडलेल्याला ते मिळतं: एकूण गुणांचा १ टक्का किंवा त्या विषयाच्या गुणांचे १० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढं. ७०० गुणांच्या परीक्षेत १०० गुणांच्या एका विषयात ३३ असतील तर ७ गुण माफ होऊन विषय सुटू शकतो. निकालात तसं झालेलं दिसत नसेल आणि तुम्ही या अटीत बसत असाल, तर ऑफिसात जाऊन विचारा. तुमच्या अभ्यासक्रमाला कोणता अध्यादेश लागतो, हे परीक्षा विभागाला माहीत असतं.

पेपर दिला, तरी ‘गैरहजर’

बीएससीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी निकालाच्या दुसऱ्या दिवशी आली. घरून दोन बस बदलून आलेली. मोबाइल खिडकीतून आत धरला आणि म्हणाली, ‘सर, केमिस्ट्रीला अ‍ॅबसेंट दाखवतायत. मी पेपर दिलाय हो. पुरवणीसुद्धा घेतली होती.’

आम्ही त्या दिवसाचा ज्युनिअर सुपरवायझर रिपोर्ट काढला. हा वर्गातल्या पर्यवेक्षकाने भरलेला तक्ता: आसन क्रमांक, उत्तरपत्रिकेचा क्रमांक, पुरवण्यांची संख्या, विद्यार्थ्याची सही. तिच्या ओळीत निळ्या शाईत सही होती, पुढे उत्तरपत्रिकेचा क्रमांक होता, पुरवणी १ अशी नोंद होती. म्हणजे पेपर दिला होता. मग चूक कुठे? तिने उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांकाचे आकडे लिहिले बरोबर होते, पण खालचे गोल काळे करताना १ च्या जागी ७ चा गोल भरला होता. यंत्राने गोल वाचले आणि तिचे गुण अस्तित्वात नसलेल्या क्रमांकावर जाऊन पडले.

आम्ही अर्ज केला, सोबत रिपोर्टची साक्षांकित प्रत, हॉल तिकिटाची प्रत, प्राचार्यांचं पत्र जोडलं. दोन आठवड्यांत निकाल दुरुस्त होऊन आला. ती आठव्या दिवशी आली असती तरी काम झालं असतं. पण सहा महिन्यांनी आली असती तर तो रिपोर्ट शोधणं अवघड गेलं असतं, कारण असे कागद ठराविक काळाने नष्ट करतात.

त्यामुळे ‘गैरहजर’ दिसलं की पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भरू नका. तो यावरचा उपाय नाही. जी उत्तरपत्रिका तुमच्या नावावर नाहीच, ती कोण पुन्हा तपासणार? कॉलेजच्या परीक्षा विभागात जा, त्या दिवशीचा सुपरवायझर रिपोर्ट बघायची विनंती करा आणि कॉलेजमार्फतच दुरुस्तीचा प्रस्ताव जाऊ द्या. अंतर्गत किंवा प्रात्यक्षिकाचे गुण शून्य दिसत असतील तरी हीच वाट. तिथे आधी विषयाच्या सरांना किंवा मॅडमना भेटा, कारण भरलेल्या गुणांची यादी त्यांच्याकडे असते.

आणि पुढच्या परीक्षेत उत्तरपत्रिका परत देण्याआधी गोल एकदा मोजा. हे मी दर परीक्षेआधी वर्गात जाऊन सांगायचो.

गुण कमी वाटत असतील तर

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेले प्रश्न बघतात. छायाप्रत म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत तुमच्या हातात. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक पेपर पुन्हा तपासतो. हे सगळं लेखी पेपरपुरतं. प्रात्यक्षिक, तोंडी आणि अंतर्गत गुणांचं पुनर्मूल्यांकन होत नाही.

माझा सल्ला नेहमी एकच असे: आधी छायाप्रत मागवा. काही विद्यापीठांत तर छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्जच करता येत नाही. अर्ज बहुधा ऑनलाइन असतो, शुल्क विषयागणिक, आणि मुदत मोजक्या दिवसांची. छायाप्रत मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनासाठी दुसरी मुदत सुरू होते, तीही छोटीच.

छायाप्रत हाती आली की ती अशी वाचा. प्रत्येक पान उलटा. प्रत्येक उत्तराला गुण दिले आहेत का, बघा; शून्य हेही गुण आहेत, पण कुठलीच खूण नसेल तर ते उत्तर नजरेतून सुटलं आहे. पुरवणी जोडली आणि तपासली आहे का? आतल्या पानावरचे गुण मुखपृष्ठाच्या तक्त्यात तसेच उतरले आहेत का? ३ ब ला आत ७ आणि बाहेर १, हे मी स्वतः पाहिलं आहे. मग बेरीज करा, दोनदा. जास्तीचा सोडवलेला पर्यायी प्रश्न असेल तर कोणता धरला आणि कोणता सोडला, तेही बघा.

यात काही सापडलं नाही, पण उत्तराला गुण कमी वाटतात, तर ती प्रत विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना दाखवा आणि सरळ विचारा, ‘सर, तुम्ही किती दिले असते?’ ते दोन-तीन गुणांचा फरक सांगत असतील तर विचार करून बघा. आठ-दहाचा सांगत असतील तर अर्ज कराच. पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात, आणि किती फरक पडला तर नवे गुण धरायचे याचे विद्यापीठाचे नियम असतात. अर्जाच्या परिपत्रकात ते लिहिलेले असतात, फी भरण्याआधी वाचा.

अर्ज केला म्हणून थांबून राहू नका. पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायच्या आत पुढच्या परीक्षेचे फॉर्म निघतात. राहिलेल्या विषयाचा फॉर्म भरून ठेवा आणि अभ्यासही चालू ठेवा. फी वाया गेली तर जाऊ दे, सहा महिने जायला नकोत.

माहितीच्या अधिकारातही तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात तसा निर्णय दिला. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही. अर्जाची फी दहा रुपये असल्याने हा रस्ता स्वस्त वाटतो. पण उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते, आणि तेवढ्यात पुनर्मूल्यांकनाचे दिवस निघून जातात. गुण बदलून हवे असतील तर विद्यापीठाच्या मुदतीतला अर्जच करा.

केटी लागली तर

एटीकेटी म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात बसायची परवानगी. किती विषयांपर्यंत किंवा किती क्रेडिटपर्यंत, हे अभ्यासक्रमावर आहे. जपायचं ते शेवटच्या वर्षाला: तिसऱ्या वर्षाचे सगळे विषय सुटले, पण पहिल्या वर्षाचा एक राहिला, तर अंतिम निकाल राखीव राहतो. तेव्हा नोकरीचं पत्र हातात असलं तरी पदवी नसते. जुना विषय आधी काढा.

कागदपत्रं

ऑनलाइन निकाल माहितीसाठी असतो. प्रवेशाला आणि नोकरीला होलोग्राम असलेली गुणपत्रिका लागते. ती मिळाली की खिडकीपाशीच नाव, आईचं नाव, विषय, गुण तपासा. ऑनलाइन पीडीएफशी ओळीने ओळ जुळवा. नावात चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला द्या; पदवी प्रमाणपत्र छापल्यानंतर तीच दुरुस्ती फार लांबते. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडून १२ अंकी क्रमांक कॉलेजला दिला आहे ना, आणि क्रेडिट तिथे जमा झाली आहेत ना, हे डिजिलॉकरवर बघा. कॉलेज बदलायचं असेल किंवा मध्ये खंड पडणार असेल तर याला फार महत्त्व येतं.

परदेशी जाणाऱ्यांना सगळ्या सत्रांची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचा एकत्रित अधिकृत उतारा, लागते, बऱ्याचदा विद्यापीठाच्या सीलबंद पाकिटात. तिला वेळ लागतो. सगळ्या गुणपत्रिका, केटी सुटलेल्यासुद्धा, जपून ठेवल्या असतील तर काम सोपं होतं. फेकून दिलेल्या जुन्या नापास गुणपत्रिकेसाठी दुय्यम प्रत काढायला न्यू जर्सीहून वडिलांना फोन करणारा मुलगा मी पाहिला आहे.

निकालच लागला नाही, किंवा दुरुस्ती होत नाही, तर

आधी प्राचार्यांमार्फत परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना अर्ज. त्यात परीक्षेचं नाव, शेवटच्या पेपरची तारीख, आसन क्रमांक, पीआरएन आणि नेमकी मागणी, एवढंच एका पानात. रागाची वाक्यं नकोत, तारखा हव्यात. पुढच्या प्रवेशाची मुदत जवळ आली असेल तर ती तारीखही लिहा आणि त्या प्रवेशाच्या ऑफिसला ‘निकाल प्रतीक्षेत’ असल्याचं कॉलेजचं पत्र द्या. कुणी ते घेतं, कुणी घेत नाही, पण मागायला हवं.

तेवढ्याने नाही झालं तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांचा आधार घ्या. शैक्षणिक वेळापत्रकाच्या पलीकडे निकाल लांबणं ही त्यांत स्पष्ट तक्रार मानली आहे. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं, आणि ते त्यांनी ३० दिवसांत निकाली काढायचं असतं.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या. एक ऑफिसला द्या, दुसरीवर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. खिडकीतला माणूस ‘ठेवून जा, करतो’ म्हणाला तरी, ‘दादा, शिक्का मारून द्या ना’ असं नम्रपणे म्हणून तिथेच उभे राहा.